महादेवरावांचं घर कोणी पुसलं?

काळ्या पडद्यावर हिरव्या इंग्रजी अक्षरांत उमटलं होतं, की कीबोर्ड सापडत नाही. आणि त्याच्याखालीच लिहिलं होतं: पुढे जायला एफ-वन दाबा.

प्रमोदिनी भोयरने एफ-वन दाबलं. मग जवळपासची सगळी बटणं दाबून पाहिली. जो कीबोर्ड सापडतच नाही त्याच्यावरचं बटण दाबा म्हणणाऱ्या यंत्राच्या अकलेला काय म्हणावं? दाराला कुलूप आहे, आत येऊन किल्ली घ्या, असं सांगण्यातला तो प्रकार होता. एरवी ती हसली असती. आज हसू येईना, कारण कीबोर्डवरचे तिन्ही बारीक दिवेही विझलेले होते.

साल १९८८, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. हिंगण्याच्या एमआयडीसीत 'भागीरथा गिअर्स' हा रुपराव लांजेवारांचा कारखाना. शेडमधल्या मशिनींवर कालच्या झेंडूच्या माळा अजून लोंबत होत्या. प्रमोदिनीच्या कॉम्प्युटरलाही एक माळ होती. तिने ती अलगद काढली, मागे वाकून कीबोर्डची वायर ओढून पुन्हा बसवली, यंत्र बंद करून चालू केलं. पुन्हा तेच उत्तर आलं.

"काय झालं वं? काहून बसली अशी?" दारातून रुपरावांनी विचारलं.

"कीबोर्ड मेला भाऊ. काही ऐकतच नाही."

रुपरावांचं तोंड उतरलं. उमरेडकडच्या एका खाणीतल्या पंपाचं चाक कापायचं काम आलं होतं. दात्यांचा आकडा असा आडनिडा, की पुस्तकातल्या कुठल्याच तक्त्यात तो बसत नव्हता. तसलं काम फक्त दुसऱ्या घरात होतं.

हे दुसरं घर काय, ते सांगायला हवं. या यंत्राच्या पोटात दोन घरं होती. सुरू केलं की ते विचारी, कुठल्या घरात जायचं? पहिलं घर डॉसचं, तिथे पगार आणि हिशेब. दुसरं झेनिक्सचं, पासवर्डचं कुलूप लावलेलं, आणि तिथे महादेवराव निमजे राहत. म्हणजे ते स्वतः नव्हे, त्यांचं डोकं.

महादेवराव कारखान्याचे फोरमन. कुठल्या दात्यांचं गिअर कापायला मशिनीवर कोणती चार चाकं चढवायची, हे आयुष्यभराच्या अनुभवाने त्यांना तोंडपाठ होतं. दोन वर्षं ते रोज प्रमोदिनीच्या शेजारी स्टुलावर बसून सांगत आणि ती त्याचा प्रोग्राम लिहीत गेली. दुसरं घर उघडलं की यंत्र तीनदा 'टूं' करी. ही प्रमोदिनीची गंमत. शेडमध्ये महादेवरावांच्या कानावर ते पडलं की ते हातातल्या पान्याने लोखंडावर तीनदा ठोकून उत्तर देत.

श्रावणात महादेवरावांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आता ते खाप्याला आपल्या घरी बाजेवर पडून होते, आणि त्यांची विद्या या जगात एकाच ठिकाणी उरली होती.

"मी सांगत होतो," हिशेब सांभाळणारे गणपतराव पुटपुटले. "विजेवर चालणाऱ्या वस्तूवर संसार मांडू नये."

गणपतरावांचं आणि यंत्राचं पहिल्या दिवसापासून वाकडं होतं. पण दसऱ्याला हत्यारांची पूजा असते आणि हत्यार आवडतं की नावडतं हे देव पाहत नाही, म्हणून काल त्यांनी यंत्राचीही साग्रसंगीत पूजा केली होती. कीबोर्डच्या वरच्या रुंद पट्टीवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, फुलं वाहिली आणि मूठभर अक्षता टाकल्या.

रुपरावांनी विश्वनाथ डेहनकर सरांना फोन लावला. प्रमोदिनीला हायसं वाटलं. सर आले की सगळं ठीक होईल, हे तिला ठाऊकच होतं.

हे यंत्र धरमपेठेतल्या सरांच्याच दुकानातून आलेलं. त्याच दुकानाच्या वरच्या मजल्यावर प्रमोदिनी कॉम्प्युटर शिकली. बेसा नावाच्या खेड्यातून सायकलने येणाऱ्या मुलीची फी सरांनी अर्धी केली, इथल्या नोकरीसाठी शब्द टाकला. कालही ते पूजेला आले होते. तिने वाकून नमस्कार केला, तेव्हा त्यांनी तिच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं आणि म्हणाले, सोनं घे, सोन्यासारखी राहा. ते पान तिच्या पर्समध्ये होतं.

सर स्कूटरवरून आले. खांद्याला कातडी बॅग, चेहऱ्यावर नेहमीचं हसू. पडद्याकडे एक नजर टाकली, कीबोर्ड उचलला, पालथा केला आणि दोन्ही हातांनी गदगदा हलवला. टपटप करत तांदळाचे दाणे टेबलावर पडले.

सगळे हसले. गणपतरावांचे कान लाल झाले.

"गणपतराव, देवाला वाहिलेल्या अक्षता देवाने परत केल्या," सर म्हणाले. "काल मी हात धुऊन येईपर्यंत तुमचा नारळही फुटला होता आणि इकडे यंत्राचं पोटही भरलं होतं."

पण गणपतराव ऐकत नव्हते. ते टेबलाकडे डोळे फाडून पाहत होते. कीबोर्ड जिथे असे, तिथे पांढऱ्या सनमायकावर कुंकवाचं स्वस्तिक उमटलेलं होतं. आणि ते उलटं होतं. त्याच्या भुजा नको त्या दिशेला वळलेल्या होत्या. असलं स्वस्तिक पाहिलं की जुन्या माणसाच्या छातीत धस्स होतं. गणपतरावांनी प्रमोदिनीकडे रागाने पाहिलं. तिला वाटलं, म्हाताऱ्याचाच हात काल चुकला असेल.

"बटणं उघडून साफ करावी लागतील," सर म्हणाले. "धूळ उडेल. तुम्ही सगळे बाहेर चहा घ्या, कोणी आत येऊ नका."

सगळे बाहेर आले. प्लायवूडच्या भिंतीपलीकडून फ्लॉपीच्या खणाची घरघर येत होती. प्रमोदिनी चहा पीत उभी होती. सर आत आहेत म्हणून ती निर्धास्त होती. चहा संपला, पुन्हा सांगितला, तोही संपला.

मग दार उघडलं. सरांचं हसू मावळलेलं होतं.

"कीबोर्ड चालू झाला," ते म्हणाले. "पण रुपरावजी, बातमी चांगली नाही. दुसरं घर रिकामं आहे."

प्रमोदिनी आत धावली. कीबोर्डचे दिवे लागले होते. तिने दुसरं घर मागितलं. यंत्राने विचार केला आणि काहीच केलं नाही. टूं वाजलं नाही. पडद्यावर नुसती एक रेघ लुकलुकत राहिली. तिने शेजारच्या डब्यातल्या जपून ठेवलेल्या फ्लॉप्या एकेक करून घातल्या. त्याही कोऱ्या निघाल्या. पावसाळ्यात फ्लॉप्यांना बुरशी लागते, सर हळहळून म्हणाले.

रुपराव खुर्ची ओढून बसले. त्यांचा आवाज अगदी शांत होता, आणि त्याचीच भीती वाटत होती.

"दुसऱ्या घराचा पासवर्ड कोणाले माहीत होता?"

"मलेच."

"पूजेच्या आधी शेवटी कोण बसलं होतं?"

"मीच बसले होते."

"पूजेनंतर कोणी चालू केलं?"

"पूजा झाल्यावर यंत्राले कोण हात लावते भाऊ?"

रुपराव सरांकडे वळले. "सर, हे पुसल्या गेलं कधी?"

"कीबोर्डशिवाय काही पुसता येत नाही," सर सावकाश म्हणाले. "आणि सकाळपासून कीबोर्ड बंद होता. म्हणजे जे झालं ते काल पूजेच्या आधी झालं."

रुपरावांनी फक्त एवढंच विचारलं, की कोणाले विकलं? ती नाही म्हणाली. विकलं नसेल तर हलगर्जीपणाने बुडवलं, ते म्हणाले. उद्या येऊन खोलीची किल्ली दे आणि हिशेब घेऊन जा. मग खाप्याकडे निघालेल्या टेम्पोवाल्याला थांबवून त्यांनी निरोप दिला, महादेवरावांना सांग, पोरीनं तुमचं घर बुडवलं.

नोकरी गेली याचं तिला एवढं लागलं नाही. तो निरोप गेला, ते मात्र काळजात रुतलं. ज्या माणसाला उलटून एक शब्द बोलता येत नाही, त्याला तो ऐकावा लागणार होता.

बाहेर पडताना सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "चूक कबूल कर, मोकळी हो. मी आहे ना." तिला रडू कोसळलं.

संध्याकाळी बेसा गावच्या घरी ती ओसरीत तांदूळ निवडत बसली. आईने दिलेलं काम, हाताला चाळा म्हणून. आपल्याच हातून काहीतरी झालं असणार, हे तिला जवळजवळ पटलं होतं. सर म्हणतात म्हणजे खरंच असेल.

शेजारच्या देवळात भजनाची पेटी सुरू झाली. पेटी जुनी होती. एक पट्टी अडकली होती आणि तेवढा एक सूर मधेच किंचाळत होता. बाकी पेटी व्यवस्थित वाजत होती.

प्रमोदिनीचा हात ताटात थबकला.

पट्टीखाली काडी गेली तर तेवढा एकच सूर अडतो. पेटी मुकी होत नाही. मग तांदळाच्या दाण्याने सगळा कीबोर्ड मुका कसा झाला? एक बटण अडकलं असतं, फार तर दोन. ती अडकली असती तर यंत्राने तशी तक्रार केली असती. हा कीबोर्ड मात्र सापडतच नव्हता. दिवेसुद्धा विझले होते. सरांना हे कळत नाही? तिला हे शिकवणारे तेच होते.

दुसऱ्या दिवशी ती वेळेआधी कारखान्यात पोचली. गणपतराव उदबत्ती लावत होते. तिने किल्ली त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हणाली, काका, दोन गोष्टी विचारते, मग जाते.

"टेबलावर स्वस्तिक तुम्ही काढलं?"

"मी? साठी उलटली मायी, अन् मी उलटं स्वस्तिक काढीन?" गणपतराव भडकले. "टेबलावर तर काढलंच नाई. कीबोर्डावर काढलं, सुलटं. मले तर वाटलं, तूच काही चाळे केले."

टेबलावरची खूण अजून तशीच होती. अशुभ म्हणून कोणी तिला हात लावला नव्हता. प्रमोदिनीने कीबोर्ड हळूच त्यावर पालथा ठेवला. पट्टीवरचं पुसट झालेलं सुलटं स्वस्तिक टेबलावरच्या उलट्यावर बरोबर बसलं. एक दुसऱ्याचा ठसा होता.

"कुंकू सुकायले किती वेळ लागते काका?"

"पाण्यात कालवलं होतं. थोडा वेळ, जास्ती नाई."

"म्हणजे पूजा झाल्या झाल्या कोणीतरी हा पालथा घातला. तेव्हा आपण कुठं होतो?"

"शेडमंदी. मोठ्या मशिनीपाशी, नारळ फोडायले. मी, तू, मालक, सारे कामगार."

"सगळे?"

गणपतराव बोलता बोलता थांबले. "सर मागून आले. हात धुवायले गेले होते."

"अन् काल सर आत होते तेव्हा तुम्ही कुठं बसले होते?"

"इथंच, या प्लायच्या मागे. डोकं उठलं माझं. सारा वेळ यंत्र गिरणीवानी घरघरत होतं."

घरघर तर तिनेही ऐकली होती, हातात चहाचा कप घेऊन. कीबोर्ड साफ करायला फ्लॉपीचा खण कशाला फिरवावा लागतो?

तिने पालथा कीबोर्ड खिडकीच्या उजेडात धरला. खाली सरांच्या दुकानाचं लेबल चिकटवलेलं होतं, यंत्र आलं त्या दिवसापासून. त्याची एक कड ब्लेडने कापल्यासारखी सुटली होती. तिने नखाने ती वर केली. लेबलाखाली खाच होती आणि खाचेत इवलासा काळा खटका. एका बाजूला बारीक अक्षर होतं जुन्या जातीच्या यंत्राचं, दुसऱ्या बाजूला नव्या जातीचं. कीबोर्ड दोन्हींवर चालावा म्हणून कंपनीने केलेली ती सोय होती. खाचेच्या कोपऱ्यात कुंकवाचा लाल कण अडकला होता.

तिने खटका सरकवून यंत्र चालू केलं. कीबोर्ड सापडत नाही, यंत्र म्हणालं. तिन्ही दिवे विझलेले. बंद करून तिने खटका परत सरकवला, पुन्हा चालू केलं, आणि सगळे दिवे लागले.

आधी तिला आनंद झाला, कोडं सुटल्याचा. मग बोटाखालच्या लेबलावरचं नाव तिने पुन्हा वाचलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला वाटलं, चूक आपलीच निघाली असती तर बरं झालं असतं. आपण चुकणारच, त्याची सवय असते. पण ज्याच्या पायाला हात लावला त्याच्याबद्दल असं काही कळावं, याची सवय कोणाला असते?

रुपराव ऐकायला तयार नव्हते. तेव्हा गणपतराव पुढे झाले, ज्यांना ते यंत्र डोळ्यांसमोरही नको असे. "मालक, माया भरोशावर सरांले एक फोन करा," ते म्हणाले. "पोरगी खोटी निघाली तर तिच्यासोबत मीही घरी जातो."

सर दुपारी आले. बॅग खांद्याला होतीच. पडद्यावर पुन्हा तीच इंग्रजी तक्रार होती.

"पुन्हा अक्षता गेल्या असतील का सर?" प्रमोदिनीने विचारलं.

"असतील. काल काही आत राहिल्या असतील." तिला अजून इथे पाहून त्यांना जरा नवल वाटलेलं दिसलं.

"दुसरं काही कारण असू शकते? कीबोर्डले कुठं काही खटका, काही बटण?"

"खटका?" सर हसले. "काही नसतं गं. एक वायर आणि वरची बटणं. मी शिकवलंय ना तुला?"

"हो सर. तुम्हीच शिकवलं."

सरांनी कीबोर्ड उचलला, पालथा केला, हलवला. एकही दाणा पडला नाही. यंत्र बंद करून चालू केलं. कीबोर्ड सापडत नाही. त्यांच्या कपाळावर आठी आली. पुन्हा पालथा केला, पुन्हा हलवला, पुन्हा चालू केलं. तरीही सापडत नाही.

प्रमोदिनीने टेबलामागे हात घातला आणि वायरचं सुटं टोक वर काढून सगळ्यांसमोर धरलं.

"वायर मी काढून ठेवली होती सर. कीबोर्ड बंद पडला की सगळ्यात आधी वायर पाहायची, हे तुम्ही मले पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्ही वायरकडं पाहिलंसुद्धा नाही." ती थांबली. "अंगठा दाखवा."

सरांनी नकळत हाताकडे पाहिलं. उजव्या हाताचा अंगठा लाल होता. तेलात कालवलेलं कुंकू, जाता न जाणारं.

"जो खटका नसतोच म्हणता, त्याच्यावर सकाळी मी कुंकू लावून ठेवलं," प्रमोदिनी म्हणाली.

रुपराव दाराशी जाऊन उभे राहिले. मग तिने सगळं सांगितलं, आणि सांगताना ती सरांकडे पाहत नव्हती, टेबलावरच्या त्या खुणेकडे पाहत होती.

दसऱ्याला सगळे नारळाला गेले, तेव्हा सर एकटे इथे होते. हातात वेळ थोडा. तेवढ्यात दुसऱ्या घराची नक्कल होत नाही, की ते पुसूनही होत नाही. पण कीबोर्ड पालथा घालून, लेबल कापून खटका सरकवणं चुटकीसरशी होतं. घाईत कुंकू ओलं आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही आणि टेबलावर उलटं स्वस्तिक उमटलं. मग ते शेडमध्ये आले आणि प्रसाद खाल्ला.

"कीबोर्ड बंद पाडून काय मिळालं त्याईले?" रुपरावांनी विचारलं.

"दोन गोष्टी, भाऊ. एक म्हणजे दुसऱ्या दिवशी आपण त्यांनाच बोलावणार हे नक्की झालं, आणि ते येईपर्यंत मले आत डोकावता येणार नाही हेही. काल सकाळी सगळ्यांदेखत यांनी कीबोर्ड हलवला, दाणे पडले, आपण हसलो. हलवतानाच अंगठ्याने खटका जागेवर आणला. मग आपल्याले बाहेर काढलं."

"पण घर तर आधीच पुसलेलं होतं."

"कोण म्हणालं?"

रुपरावांनी सरांकडे पाहिलं.

"सरच म्हणाले," प्रमोदिनी म्हणाली. "कीबोर्ड बंद, म्हणून पुसलं त्याआधीच, म्हणून पुसणारी मी. आपण सगळ्यांनी मान डोलावली. चोरी दसऱ्याले झालीच नाही. आपण भिंतीपलीकडे चहा पीत होतो, तेव्हा ती झाली. घरघर काकांनी ऐकली, मीही ऐकली. आधी यांनी स्वतःच्या फ्लॉप्यांवर नक्कल घेतली, मग घर पुसलं, मग माझ्या फ्लॉप्या कोऱ्या केल्या अन् बुरशीवर ढकललं."

"पासवर्डाशिवाय?"

"कुलूप यांनीच बसवलं होतं भाऊ. कुलूप बसवणाऱ्याले किल्ली कशाले लागते? स्वतःच्या फ्लॉपीवरून यंत्र सुरू केलं की आतलं सगळं उघडं."

सरांचा हात बॅगेवर घट्ट झाला होता. रुपरावांनी ती खांद्यावरून ओढून घेतली. आतून फ्लॉप्यांचा गठ्ठा निघाला. प्रमोदिनीने वायर आणि खटका जागेवर आणून वरची एक घातली. पडद्यावर तिने स्वतः लिहिलेल्या ओळी आल्या. फक्त अगदी वर, जिथे तिने महादेवराव निमजे असं नाव लिहिलं होतं, तिथे आता विश्वनाथ डेहनकर असं होतं.

"काहून सर?" तिने विचारलं. आवाज चढला नाही.

सरांनी लाल अंगठा रुमालाने पुसून पाहिला. मग बोलले, आणि त्यांच्या बोलण्यात पश्चात्तापापेक्षा कडवटपणाच जास्त होता. पुण्याच्या एका कारखान्याला असाच प्रोग्राम हवा होता. सरांनी वर्षभर डोकं फोडलं, जमलं नाही. आणि हिंगण्याहून येणारा जो तो भोयर मॅडमच्या प्रोग्रामचं कौतुक सांगे. "तुला मी शिकवलं," ते म्हणाले. "माझ्याकडे आलीस तेव्हा तुला यंत्र चालू करता येत नव्हतं. मग जे केलंस ते माझंच नाही का?"

"मागितलं असतं तर दिलं असतं," प्रमोदिनी म्हणाली. "तुम्ही पुसलं काहून? माया हातून गेलं असं सांगायचं होतं, म्हणजे मी कधी माझं म्हणाले तर कोणी ऐकणार नाही. अन् महादेवकाका तर बोलूच शकत नाही."

सरांनी अंगठा मुठीत झाकला.

"सगळं शिकवलं सर तुम्ही," ती म्हणाली. "तेवढा एक खटका सोडून."

रुपरावांनी पोलिसांना फोन लावला. पुढचं ते पाहून घेणार होते. प्रमोदिनी मागे वळली नाही. तिने एकेक फ्लॉपी घालत दुसरं घर परत भरलं, वरचं नाव दुरुस्त केलं आणि यंत्र नव्याने सुरू केलं. तीनदा टूं वाजलं. शेडमधून उत्तर आलं नाही, येणारच नव्हतं.

"चुकलं वं मायं," रुपराव मागून म्हणाले. "किल्ली ठेव तुयापाशीच."

सर परके निघाले ते एक झालं. पण या माणसाच्या कारखान्यात ती दोन वर्षं रोज आली, आणि त्याने एका सकाळीत तिला चोर ठरवलं. तेही तिला गिळता येत नव्हतं.

"किल्लीचं मग पाहू भाऊ," ती म्हणाली. "खाप्याले निरोप तुम्ही धाडला. परत घ्यायलेही तुम्हीच चला."

रुपरावांनी मुकाट्याने जीप काढली.

महादेवराव भिंतीकडे तोंड करून बाजेवर पडले होते. काल टेम्पोवाला येऊन गेल्यापासून असेच आहेत, घासही घेतला नाही, त्यांच्या बायकोने, प्रयागबाईंनी सांगितलं. रुपराव बाजेपाशी खाली बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं, स्वतःची चूकही न वगळता. म्हाताऱ्याची पाठ हलली नाही.

प्रमोदिनी वाकली. "काका, घर उघडलं," ती म्हणाली. "जसंच्या तसं हाय."

मग महादेवरावांचा डावा हात गोधडीबाहेर आला, चाचपडत बाजेच्या कडेच्या गातापर्यंत गेला आणि बोटाच्या पेराने लाकडावर ठोकू लागला. एकदा, मग एकदा, आणि जरा थांबून पुन्हा एकदा.

सगळ्यांदेखत ती ढसाढसा रडली.

निघताना प्रयागबाईंनी देवापुढचं आपट्याचं पान आणून नवऱ्याच्या डाव्या हातात दिलं. त्यांनी ते प्रमोदिनीपुढे केलं. कोजागिरीपर्यंत सोनं देता येतं. ते ठेवायला तिने पर्स उघडली, तर आत सरांचं पान होतं, कडेने वाळून वळलेलं.

जीप नदीच्या पुलावर आली तेव्हा तिने ते बाहेर काढलं. कन्हानच्या पाण्यात टाकून द्यावं, असं मनात होतं. पण दसऱ्याचं सोनं कोणी फेकत नाही, आणि ते हातात पडलं तेव्हा तिला खरोखरच आनंद झाला होता. पूल संपला. तिने पान परत पर्समध्ये ठेवलं, दुसऱ्यापासून वेगळ्या कप्प्यात.